दंगलीच्या आधी काय दिसतं ते बघायला शिक

अरे मित्रा,

मेसेज वाचला तुझा. वातावरण तापलं की काय करायचं असं विचारतोयस, तर खरं सांगू का, तापल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं, जे काय करायचं ते आधीच, सगळं नॉर्मल दिसतंय तेव्हाच करावं लागतं.

भिवंडीचं घे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, लोकं म्हणतात अचानक झालं, पण त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या मादन आयोगाचा अहवाल वाच, मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरच्या घोषणा, गुलाल यावरून आधीची कित्येक वर्षं धुसफूस चालूच होती. १९८४ ला परत दंगल. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुस्लिम दोन्हीकडची साधी माणसं घेतली, सोबत पोलीस, आणि बैठकीत भाषणं नाहीत, गल्लीतली रोजची छोटी छोटी भांडणं तिथेच बसून मिटवायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि जिच्या नावानेच सगळे धास्तावायचे ती भिवंडी शांत राहिली! मला हे आजही फार मोठं वाटतं. नाहीतर सणाच्या तोंडावर पोलीस स्टेशनला शांतता समितीची बैठक होते, चहा-बिस्किटं, फोटो, आणि सगळे आपापल्या घरी. त्या खोलीत बसलेल्यांचं गल्लीतली पोरं ऐकतील असं तुला वाटतं का?

आता खुणा. गच्चीवर दगड जमले, दुकानांची शटर दुपारीच अर्धी खाली आली, हे फार उशिराचं झालं, तेव्हा सरळ ११२ लाव. त्याच्या कितीतरी आधी वेगळं काहीतरी दिसतं. रिक्षा स्टँडवर एकाच टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर दोन घोळक्यांत उभे राहायला लागतात आणि एक जण आला की दुसरीकडची बोलणी थांबतात. "अमक्याकडून भाजी घेऊ नका" असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतात आणि कोणीच काही बोलत नाही. दोन पोरांचं गाडी घासल्याचं भांडण, पण सांगताना "त्यांच्यातल्यांनी मारलं" असं सांगितलं जातं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण इथे माणसाचं नाव जाऊन जमात येते.

अफवेचं तर विचारू नकोस. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले, तेसुद्धा ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेऊन. पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज तेव्हा आधीपासून सगळीकडे फिरत होते. म्हणून असा व्हिडिओ आला की त्या गावातल्या ओळखीच्याला फोन करून विचार, पोलिसांना कळव, आणि "हे खोटं आहे" असं लिहूनसुद्धा तोच व्हिडिओ पुढे ढकलू नकोस, लोकं व्हिडिओ बघतात, वरचं लिहिलेलं कोण वाचतंय. जमाव जमला असेल तर एकट्याने मध्ये पडू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगतोय.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला, तेव्हा मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. केवढा ताण वाचला पोलिसांवरचा आणि लोकांवरचा. तुमच्याकडे उद्या अशी वेळ आली तर कोण कोणाला फोन लावणार, ते आत्ता माहीत आहे का? नसेल तर येत्या वर्षाचं सणांचं कॅलेंडर काढ, कुठल्या मिरवणुका एकमेकींच्या जवळ येतात, मार्ग कुठे एकत्र होतात ते लिही, प्रत्येक मंडळातला आणि मशिदीतला ज्याचं पोरं ऐकतात असा एकेक माणूस शोध, त्याच्याकडे काही काम नसताना चहाला जा. यादी झाली की मला पाठव, बसून बघू.