आधी हेडफोन घ्यावा का साउंड कार्ड?

प्रश्न : दादा, विडी घरकुलला राहतो, शेजारीच यंत्रमाग आहेत. रात्री कॉम्प्युटरवर नाट्यगीतं ऐकतो पण पुढच्या जॅकला हेडफोन लावला की बारीक घूंऽऽ येतं आणि माऊस हलवला की किरकिर. बजेट सहा हजार. आधी काय घेऊ? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी हेडफोनच घ्या, आवाजात खरा फरक तिथंच पडतो. किरकिर मात्र हेडफोन बदलून जाणार नाही, ती कॅबिनेटमधल्या विजेच्या गडबडीची आहे, पुढच्या जॅकची वायर आतून सगळ्या सर्किटजवळून येते ना, म्हणून आज रात्रीच मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा, फुकटात काम होईल कदाचित. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ते सगळ्यात आधी. तरीही किरकिर राहिली तर आत बसवायचं साउंड कार्ड (कॉम्प्युटरचा आवाज तयार करणारा भाग) नको, यूएसबीचं छोटं बाहेरचं घ्या, ते त्या गडबडीपासून लांब राहतं.

हेडफोन ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आसपासचा बघा, २५० ओहमवाल्याला वेगळा अँप (आवाज वाढवणारं यंत्र) लागतो, नाहीतर आवाज दबका येतो. ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा हेडफोन, कितीही गोड वाजला तरी तुमच्याकडे मागाची खटखट थेट कानात येणार, त्यामुळे क्लोज्ड, म्हणजे मागून बंदच, पण कानाची गादी रेक्झिनची नको कापडाची घ्या, आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळीशी ओलांडतो, अर्ध्या तासात कान भिजतात हो.

आणि १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, जुन्या एमपीथ्री असतील तर त्या बदला, सीडीवरून फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) करून ठेवा.