वाचकांचे प्रश्न : गजकर्णाच्या कॅप्सूल आणि रोजच्या गोळ्या

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांना जांघेत आणि कमरेवर गजकर्ण झाले आहे. केमिस्टने दिलेल्या मलमाने चार दिवसांत खाज थांबली, पण ट्यूब संपताच चट्टे पोटापर्यंत पसरले. आता त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनॅझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, महिनाभर घ्यायला सांगितल्या आहेत. यजमान मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतात. हे त्या डॉक्टरांना सांगायचे राहून गेले. शेजारी म्हणतात की या कॅप्सूल फार उष्ण पडतात आणि लिव्हर खराब करतात. त्या सुरू कराव्यात का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : या आजारासाठी औषध योग्यच आहे, पण पहिली कॅप्सूल घेण्याआधी यजमानांच्या रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जावे. शेजाऱ्यांनी घातलेल्या भीतीपेक्षा, सांगायचे राहून गेलेली ही माहिती मला अधिक काळजीची वाटते.

इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते, म्हणूनच ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते. पॅन्टोप्राझोल नेमके तेच आम्ल कमी करते. परिणामी औषध पुरेसे शोषले जात नाही आणि महिनाभर खर्च करूनही गुण येत नाही. अनेकांची ही अ‍ॅसिडिटीची गोळी केवळ सवयीने वर्षानुवर्षे चालू असते, त्यामुळे ती काही काळ थांबवता येईल का, हे विचारावे. थांबवणे शक्य नसेल, तर आम्लावर कमी अवलंबून असणारी इट्राकोनॅझोलची वेगळी कॅप्सूलही मिळते. जळजळ झाली म्हणून अ‍ॅन्टासिडचे पातळ औषध घ्यायचे असल्यास कॅप्सूलनंतर निदान २ तासांचे अंतर ठेवावे.

अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनची अडचण वेगळी आहे. यकृतातील ज्या एन्झाइममुळे या गोळीचा निचरा होतो, त्यालाच इट्राकोनॅझोल अडवते, त्यामुळे तिचे रक्तातील प्रमाण वाढून स्नायू दुखणे, अशक्तपणा आणि क्वचित स्नायूंची इतकी हानी होऊ शकते की मूत्रपिंडावरही ताण येतो. डॉक्टर ती तेवढ्यापुरती थांबवतील, मात्रा कमी करतील किंवा बदलून देतील. आपल्या मनाने मात्र बंद करू नये. कॅप्सूल महाग वाटते म्हणून कोणी फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध सुचवले, तर तेही परस्पर घेऊ नये, कारण ग्लिमेपिराइडबरोबर त्याने रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकते. यजमानांचे हृदय अशक्त असल्याचे पूर्वी कधी निदान झाले असेल, तर ते आवर्जून सांगावे. अशा रुग्णांना त्वचेच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल देत नाहीत. उपचार चालू असताना पायांवर सूज आली किंवा धाप लागू लागली, तर औषध थांबवून लगेच दाखवावे.

औषध उष्ण पडते या समजुतीला आधार नाही. यकृतावर परिणाम होतो हे खरे असले, तरी तो थोड्याच जणांत होतो आणि वेळीच लक्षात आल्यास बहुधा भरून येतो. सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि औषध महिन्यापेक्षा लांबले, तर ती पुन्हा करावी. भूक मरणे, सतत मळमळणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आता त्या मलमाबद्दल. ट्यूबवरील बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव आहे का, ते पाहा. ही स्टेरॉइडे आहेत. त्यांनी खाज आणि लाली दबते, पण बुरशीला मोकळे रान मिळते. जांघेतील त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे पांढरट वण पडतात. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरीही ती सर्रास हाती दिली जातात, याचे मला मनापासून दुःख होते. शिवाय आपल्याकडे टर्बिनाफिन या बुरशीवरील नेहमीच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी पसरली आहे, त्यामुळे पूर्वी दोन आठवड्यांत बरे होणारे गजकर्ण आता महिना-दोन महिने घेते. खाज आधी थांबते, बुरशी नंतर जाते. म्हणून कॅप्सूल कधी थांबवायची, हे डॉक्टरांनी त्वचा पाहूनच ठरवावे.

पावसाळ्यात बाल्कनीतील कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. यजमानांची अंतर्वस्त्रे व टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवावेत आणि कडक इस्त्री करूनच वापरावेत. घरात आणखी कोणाला चट्टे असतील, तर सर्वांचे उपचार एकाच वेळी करावेत.

प्रश्न : माझ्या मुलीला दुसरा महिना आहे. योनीमार्गात खाज आणि पांढरा स्राव आहे. फ्लुकोनॅझोलची एकच गोळी पुरते, असे नणंदबाई म्हणतात. देऊ का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : देऊ नये. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, फ्लुकोनॅझोलची गोळी टाळतात. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. संसर्ग बुरशीचाच असल्यास त्या बहुधा योनीत ठेवण्याचे क्लोट्रिमाझोल ७ रात्रींसाठी देतील. मुलीने ती गोळी आधीच घेतली असेल, तर घाबरून जाऊ नये, पण कोणत्या तारखेला आणि किती मात्रा घेतली, हे तपासणीच्या वेळी अवश्य सांगावे.