हुरड्याच्या आगटीपाशी डोरेमॉन

प्रिय बाळ,

कार्टूनच्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेऊन ॲपमध्ये केलेलं तुझं चित्र मिळालं. ज्वारीच्या रानात आगटीपाशी बसून डोरेमॉन हुरडा खातोय, ही कल्पना झकास. पण तो तिथं बसलेला वाटत नाही, कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा वाटतो. एक तर त्याच्या कडा व्हिडिओतल्याच राहिल्यात. दुसरं म्हणजे, त्याच्या अंगावरचा उजेड अजून त्याच्या घरातलाच आहे.

आधी कडांचं. व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतात, रंग मात्र सहसा चार पिक्सेलांना मिळून एकच. म्हणून गळ्यातल्या पट्ट्याचा लाल रंग पांढऱ्या तोंडावर ओघळलेला दिसतो. तो खोडत बसू नकोस, निघणार नाही. स्क्रीनशॉट हा खाली ठेवून गिरवायचा कागद समज. काम संपल्यावर तो थर (ॲपमधला लेयर) बंद केला, तरी चित्रातलं काही गायब व्हायला नको.

फ्रेम 1080पी मधलीच घे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते. हात जोरात हलतोय ती फ्रेम सोड, तिथं हात ओढून लांबवलेला असतो. 1920 × 1080 चा स्क्रीनशॉट दुप्पट करून 3840 × 2160 वर काम कर. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके छापले तर, हा 12.8 × 7.2 इंच भरतो. आडव्या ए-फोरची रुंदी भागते, उंचीला इंचभर कमी पडतं. तेवढं आभाळ वरून वाढव.

स्क्रीनशॉटची अपारदर्शकता 30 टक्क्यांवर आणून थर लॉक कर. वर नवा थर घेऊन रेषा काढ: बाहेरची 10 पिक्सेल, आतल्या 6. स्टॅबिलायझर, म्हणजे रेषेची थरथर कमी करणारी सोय, निम्म्यावर ठेव. फार झूम करून बोटानं ओढलेली रेषा थरथरते. थोडं लांबून, एका दमात ओढ. चुकली तर अनडू करून पुन्हा. डोकं हातानं गोल करू नकोस, लंबगोलाची पट्टी वापर.

रंग रेषांच्या खालच्या थरावर. बादलीच्या टूलनं रंग भरल्यावर रेषेलगत पांढरी किनार राहते, कारण रेषेची कड अर्धपारदर्शक असते. निवडलेला भाग (सिलेक्शन) 2 पिक्सेलनं वाढवून भर. रंग सगळ्या कॅनव्हासवर पसरला तर रेषेत कुठंतरी फट आहे, ती बुजव. रंग उचलायचा आयड्रॉपर भागाच्या मधोमध लाव; कडेला लावलास की मळका रंग हाती येतो.

आता आगटी. तू तर शेकोटी पेटवलीस! हुरडा गोवऱ्यांच्या विस्तवात, फुफाट्यात भाजतात. एवढ्या जाळात कणीस करपून जाईल. खड्डा काढ, राखेखाली लालसर निखारे दाखव. म्हणजे उजेड खालून येणार. पांढरं पोट, हनुवटी, घंटा यांवर नारिंगी छटा चढव. निळ्या अंगावर ती फारशी उमटत नाही, निळा रंग नारिंगी उजेड कमीच परतवतो. तिथं नुसता मळकट निळा पुरे. सावली डोक्याच्या वरच्या भागात, मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणाऱ्या) थरावर, जांभळट करड्या रंगानं 40 टक्के. काळ्यानं केलीस तर चित्र धुरकटतं.

मागं चिकटवलेला शेताचा फोटो काढून टाक. कार्टूनच्या पात्रात एकेका रंगाच्या दोनच छटा, फोटोत हजारो. दोन्ही एका रानात नांदत नाहीत. ज्वारीची तीन-चार धाटं वेगवेगळी काढ, मग लहान-मोठी, उलटी-सुलटी करून पसरव. एकच धाट आठदा डकवलं की लगेच डोळ्यात येतं. लांबची ओळ फिकी ठेव. आणि आपली जमीन काळी असली तरी शुद्ध काळ्यानं रंगवू नकोस, तपकिरीकडं झुकव; नाहीतर त्यावरच्या रेषा दिसणारच नाहीत.

तुझा,
काका

ता. क. डोरेमॉनचे हक्क त्याच्या मालकांचे. भिंतीवर लाव, मित्रांना दाखव. टी-शर्टवर छापून विकायला मात्र परवानगी लागते. आणि पुढचं चित्र पीएनजी करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलंस की ते दाबून लहान होतं, आणि रेषा कुणी बिघडवल्या हेच मला कळत नाही.