नाटक की नोकरी, घाई करू नकोस

अरे, थर्ड इयरला इंजिनिअरिंग सोडून नाटकच करायचं म्हणतोयस, तर आधी डिग्री पूर्ण कर, हे मी घरच्यांच्या बाजूने बोलत नाहीये, दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, अर्ज करायचा तरी ग्रॅज्युएशन लागतंच. नटसम्राट डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, टांझानियात प्रॅक्टिस केली आणि १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. अभिनेते मोहन आगाशेंनी तर मानसोपचाराची डॉक्टरकी सोडलीच नाही, पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजात शिकवत शिकवत नाटक केलं. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत टाळ्या मिळाल्या म्हणून लगेच ठरवू नकोस, कॉलेज संपल्यावर तालमीला हॉल मिळत नाही, ग्रुप फुटतो, प्रायोगिक नाटकात मानधन नावापुरतं, आणि तरीही संध्याकाळी पाय तालमीकडेच वळतात का ते बघ. मला विचारशील तर वर्षभर नोकरी कर, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, ईएमआय मात्र घेऊ नकोस प्लीज, तो एकदा मागे लागला की राजीनामा देणं फार अवघड होतं. आईबाबांना भाषण देऊ नकोस, प्रयोगाला बोलव. नातेवाईकांचं सोड, ते लग्नात दोन मिनिटं विचारतात आणि जेवायला जातात.