निर्यात कंपनीत लाच रोखण्याचे काम : एका पालकांच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली मुलगी जळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला परदेशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांत लाचखोरी रोखण्याच्या कामात, म्हणजे कम्प्लायन्समध्ये, शिरायचे आहे. रावेरहून आखाती देशांत केळी जाताना आपण जवळून पाहिली असल्याने ‘हात ओले केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, मग या कामाचा पगार कोण देणार?’ असे आपण विचारले आहे. आपली शंका रास्त आहे.

पगार कंपनीच देते, कारण पकडली गेलेली लाच तिला फार महाग पडते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाल्यापासून आपल्याकडे लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावे लागते. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याने तर लाच रोखता न येणे हाच कंपनीचा गुन्हा ठरवला. पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था होती हे सिद्ध केले तरच तिची सुटका होते. सीमेन्स या जर्मन कंपनीला लाचेच्या प्रकरणात 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे 160 कोटी डॉलर भरावे लागले. अशा कायद्यांच्या कक्षेतले परदेशी खरेदीदार आपल्या पुरवठादारांकडूनही लाचविरोधी हमी करारात लिहून घेऊ लागले आहेत.

हे काम बरेचसे खतावणीतच चालते. लाच बहुधा कंपनीच्या हातून थेट जात नाही, ती एजंटाच्या बिलातून जाते. समजा, कंटेनर रवाना करणाऱ्या एजंटाचे बिल समोर आले. भाडे, बंदराचे शुल्क, कागदपत्रांचा खर्च या सगळ्यांच्या पावत्या जोडलेल्या आहेत, आणि शेवटी ‘किरकोळ खर्च’ म्हणून एक गोल रक्कम आहे, पावतीविना, दर कंटेनरला तेवढीच. ती रक्कम कोणाला आणि कशासाठी दिली, हे विचारून समाधान होईपर्यंत बिल अडवून धरणे हे आपल्या मुलीचे काम असेल.

केळी 13-14 अंश तापमानात जपावी लागतात आणि एक दिवसाची अडवणूकही निर्यातदाराला घाबरवते. नाशवंत मालात लाचेची मागणी होते ती या अगतिकतेमुळे. म्हणून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासारखे कागद वेळेआधी तयार ठेवणे आणि अडवणूक झाल्यास कोणत्या वरिष्ठाला लेखी कळवायचे हे आधीच ठरवणे, याला मी कोणत्याही शपथपत्रापेक्षा अधिक किंमत देतो. अमेरिकेच्या 1977 च्या कायद्यात परदेशी अधिकाऱ्याकडून नेहमीचे काम लवकर करून घेण्यासाठी दिलेल्या छोट्या रकमेला सवलत आहे, ब्रिटनच्या आणि आपल्या कायद्यात ती नाही. हा फरक तिने पक्का समजून घ्यावा.

पदवीनंतर सी.ए., कंपनी सेक्रेटरी किंवा तीन वर्षांचे एलएल.बी., यांपैकी कोणताही मार्ग चालेल. तिला हिशेबांची आवड असेल तर मी सी.ए. सुचवेन, आणि आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. होताना करावी लागणारी उमेदवारी, निर्यातदारांचे लेखापरीक्षण करणाऱ्या फर्ममध्ये करावी. लाचविरोधी व्यवस्थापनाचे आयएसओ 37001 हे मानक पुढे कधीही शिकता येईल.

मालकाचा दबाव आला तर काय, ही आपली काळजी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलाखतीत तिने स्पष्ट विचारावे की, हरकतीचा अहवाल थेट संचालक मंडळाकडे जातो की विक्री विभागाच्या प्रमुखामार्फत. उत्तर दुसरे असेल, तर पगार कितीही चांगला असला तरी ती नोकरी तिने घेऊ नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक