वाचक विचारतात : मुंबईत काय खायचं आणि किती वाजता

आई-बाबा दोघंही सत्तरीचे, शाकाहारी. सकाळी साडेसहाला दादरला उतरणार आणि रात्रीच्या गाडीने परत. बाबांचे गुडघे दुखतात. दिवसभराचं खाणं कसं जमवावं? (एक वाचक, सोलापूर)

सकाळ माटुंग्यासाठी ठेवा. दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने माटुंगा हे पुढचंच स्टेशन. जलद लोकल तिथे थांबत नाही. ‘माटुंगा रोड’ हे पश्चिम रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे आणि नवखी माणसं हमखास तिथे उतरतात. सामान बरोबर असेल तर जिने चढण्यापेक्षा सरळ टॅक्सी करा.

स्टेशनजवळचं राम आश्रय पहाटेच उघडतं. इडली, उपमा, शिरा आणि फिल्टर कॉफी घ्या. आठच्या आत पोहोचलात तर बसायला पटकन मिळतं. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४० सालचं. तिथला नाचणीचा डोसा आणि रसम वडा मुद्दाम खावा असा, पण ते सोमवारी बंद असतं आणि रविवारी सकाळी बाहेर रांग लागते. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, ही तिथली रीतच आहे. खाऊन झालं की लगेच उठावं.

दुपारी केळीच्या पानावर जेवायची इच्छा असेल तर माटुंगा स्टेशनला लागूनच रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासून चालू आहे आणि तेही सोमवारी बंद असतं. इथली एक गोष्ट आधीच सांगायला हवी : जागा पहिल्या मजल्यावर आहे. बाबांना जिना झेपणार असेल तरच जा. पानावरचं जेवण पोटभर असतं, पण एक पान दोघांत चालत नाही. वाढप्याचा हात भरभर चालतो, म्हणून भात नको असेल तर तो पुढे यायच्या आधीच सांगा. पानात टाकलेलं तिथे कुणालाच आवडत नाही.

जिना नको असेल तर दादर पश्चिमेला सेनाभवनासमोर आस्वाद आहे. थालीपीठ, मिसळ, कोथिंबीर वडी असं आई-बाबांच्या ओळखीचं खाणं मिळेल. दुपारी एक ते तीन गर्दी असते, त्यामुळे साडेअकरालाच जेवून घेतलेलं बरं.

संध्याकाळी दादरच्याच प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. वडा आला की लगेच मोडा. गार झाला की साबुदाणा चिवट होतो आणि तेल जाणवायला लागतं. पीयूष म्हणजे श्रीखंड ताकात घुसळून केलेलं, जायफळ-वेलचीचं. पोटाला जड पडतं, दोघांत एक पेला पुरे. रात्री प्रवास आहे, तेव्हा त्यानंतर काही नको.

जुलैत कामानिमित्त मुंबईला येतोय. पापलेट कुठे खावं? (एक वाचक, नागपूर)

जुलैत पापलेटचा हट्ट धरू नका. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत ताटात येणारं मोठं पापलेट बहुतेक वेळा बर्फातलं असतं. खाताना ते कळतं. ताज्या पापलेटचं मांस काट्यावरून सरळ सुटतं आणि ओलसर, घट्ट लागतं. बर्फातलं कापसासारखं लागतं आणि ताटात पाणी सोडतं. ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर आकार आणि दर आधी विचारा. बिल आल्यावर विचारून उपयोग नाही.

पावसाळ्यात खाडीचा माल खावा : तिसऱ्या (शिंपल्या), चिंबोऱ्या (खेकडे). शिवाय सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुकट, जवळा असं सुकं म्हणजे वाळवलेली मासळी, जे याच दिवसांसाठी घरोघर साठवलेलं असतं. आमच्या मते सोड्याची खिचडी भर पावसात कुठल्याही तळलेल्या माशापेक्षा सरस. पाटीवर नसली तरी मालवणी खानावळीत विचारून पाहावं.

स्वयंपाकाची जातकुळी ओळखून जागा निवडा. मालवणी रश्श्यात भाजलेलं खोबरं आणि गरम मसाला असतो, त्यासाठी दादरचं सिंधुदुर्ग किंवा चैतन्य. गोमंतकी पद्धतीत ओलं खोबरं, बांगड्याला तिरफळ हा मसाला. वांद्रे पूर्वेचं हायवे गोमंतक त्यासाठी. मंगळुरी गस्सी (खोबऱ्याचा रस्सा) आणि नीर डोसा हवा तर फोर्टमधलं महेश लंच होम.

पुन्हा कधी हिवाळ्यात आलात तर ओले बोंबील खा. विलेपार्ले पूर्वेचं गजाली त्यासाठीच नावाजलेलं आहे. बोंबलाच्या अंगात पाणी फार. म्हणून तो चिरून, मधला काटा काढून, सपाट वजनाखाली अर्धा-पाऊण तास दाबून ठेवतात. मग हळद, तिखट, आलं-लसूण, थोडं कोकम लावून रव्यात घोळवायचा आणि तव्यावर कमी तेलात, मध्यम आचेवर परतायचा. नीट दाबला नसेल तर तव्यावर पाणी सुटतं, रवा वेगळा होतो आणि आत लगदा राहतो. शेपटीकडून उचलला तर ताठ उभा राहायला हवा आणि आत लोण्यासारखा मऊ. वरचं आवरण जाड, भज्यासारखं असेल तर स्वयंपाक्याने दाबायचा कंटाळा केलाय असं समजा.

सोलकढी जेवणाच्या शेवटी. ठेवली की नारळाचं दूध आणि पाणी वेगळं होतं, त्यात वाईट काही नाही, ढवळून घ्यावी. आंबूस वास आला तर मात्र परत करा.

इराण्याकडे नेमकं काय मागवायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

सकाळी गेलात तर ब्रून मस्का आणि चहा. ब्रून म्हणजे कडक पाठीचा पाव, चहात बुडवल्याशिवाय दाताखाली येत नाही. मऊ हवा असेल तर बन मस्का मागा. धोबी तलावच्या कयानीमध्ये (१९०४) खिमा पाव आणि मावा केकही घ्या. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया (१९२३) वेगळ्या जातीचं : ते फक्त दुपारच्या जेवणाला उघडं असतं, रविवारी बंद. बेरी पुलाव घ्या, आंबटगोड बेरीमुळे त्याला चव आहे. शेवटी कॅरमल कस्टर्डला जागा ठेवा. फोर्ट भागात रविवारी एरवीही बरंच काही बंद असतं, कारण ही हॉटेलं कचेऱ्यांच्या गिऱ्हाइकावर चालतात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. द्यावाच लागतो का? (एक वाचक, ठाणे)

नाही. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी द्यावा लागतो, तो सरकारचा कर. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला किंवा दुसऱ्या नावाने वसूल करायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. पैसे देण्याआधी व्यवस्थापकाला बिल बदलून मागा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वाढप्याला बक्षिशी द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला लहान मुलांना घेऊन जावं का? (एक वाचक, पनवेल)

जा, पण शनिवार-रविवार टाळा. उपास सोडण्याच्या वेळीही नको, तेव्हा दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचाही रोजा सुटत असतो. त्यानंतर तास-दीड तासाने पोहोचा. गाडी नेऊ नका. मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनहून चालत मिनारा मशिदीच्या गल्लीत येता येतं. मुलांचा हात सोडू नका, रात्री दहानंतर गल्ली गच्च होते.

कबाब एकेक प्लेट घेऊन वाटून खा, नाहीतर पहिल्याच ठेल्यावर पोट भरतं. नळी निहारी (नळीच्या हाडांसह मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा) हवी तर भेंडी बाजारचं नूर मोहम्मदी गाठा. गोडात मातीच्या वाटीतली फिरनी मुलांना आवडेल. मालपुवा भलामोठा असतो, एक चौघांना पुरतो. त्यात अंडं असतं, बरोबर कुणी न खाणारं असेल तर आधी सांगा.