95 टक्के कशाचे, ते आधी विचारा

जुन्या लिथियम बॅटरीतला कोबाल्ट घरी काढता येतो का, असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत. येत नाही. बाकीचे प्रश्न घेऊ.

मोबाइलची बॅटरी फुगली आहे. टाचणीने हवा काढू का? (सातारा)
मुळीच नाही. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे द्या.

मिठाच्या पाण्यात ठेवली की बॅटरी निर्धोक होते म्हणे? (नाशिक)
'म्हणे'वर जाऊ नका. चार्ज थोडा उतरतो, पण टोकं गंजली की उरलेला आतच अडकतो. सेल गळला तर त्यातलं फ्लोरिनयुक्त क्षार आणि पाणी मिळून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू होतो. टोकांना चिकटपट्टी लावा आणि अधिकृत संकलन केंद्रात द्या.

ई-रिक्षाची बॅटरी 'एलएफपी' (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे, तिला भाव नाही असं भंगारवाला सांगतो. फसवतोय का? (नागपूर)
भाव कमी, हे खरं. त्या कॅथोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या धन बाजूच्या थरात, लोह आणि फॉस्फेट, लिथियम जेमतेम साडेचार टक्के. मोबाइलच्या कॅथोडमधल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये 60 टक्के कोबाल्ट असतो, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. पण 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आधी त्याला विचारा.

जुन्या बॅटऱ्या फोडायच्या यंत्राचा विक्रेता म्हणतो, '95 टक्के कॅथोड परत मिळतो.' गाळा भाड्याने घेतलाय, ऑर्डर देऊ का? (चाकण)
थांबा! 95 टक्के कशाचे? यंत्र सेल चिरडतं आणि चाळतं, बस. हाती येते काळी पूड: कॅथोडचं ऑक्साइड, अ‍ॅनोडचं (ऋण बाजूचं) ग्राफाइट, पूड चिकटवून ठेवणारा बाइंडर, शिवाय चाळणीतून निसटलेले तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे कण. कॅथोड या पुडीत आहे, सुटा झालेला नाही.

खरं काम इथून पुढे. ऑक्साइडमधला कोबाल्ट नुसत्या सल्फ्युरिक आम्लात नीट विरघळत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. सोबत अ‍ॅल्युमिनियमही विरघळतं. ते काढायला पीएच वाढवला की चिकट गाळ बसतो आणि त्याच्याबरोबर थोडं निकेल-कोबाल्टही जातं. ही घट कुठल्या माहितीपत्रकात छापलेली पाहिलीत? मग सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे द्रावक वापरून एकेक धातू वेगळा करणं, आणि शेवटी सोडियम सल्फेटचं पाणी, जे नाल्यात सोडता येत नाही. वर भंगाराच्या पोत्यात एलएफपी मिसळलेली निघाली की लोह-फॉस्फेट घुसून पुडीचा भाव पडतो.

भाडं चढतंय म्हणून घाई नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि पुनर्चक्रणकर्ता म्हणून नोंदणी हातात येईपर्यंत एक सेलही फोडू नका. त्याच यंत्रातून निघालेल्या पुडीचा नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासा आणि या कामातल्या रासायनिक अभियंत्याला फी देऊन सल्ला घ्या. विक्रेत्याचा फुकटचा सल्ला महागात पडतो.

परत मिळवलेल्या धातूंचा कॅथोड कमअस्सल असतो का? (पुणे)
शुद्धता गाठली असेल तर नाही. तपासणी अहवाल मागा आणि जाणकाराला दाखवा.